बत्तिसाव्या पानापर्यंत

३ सप्टेंबर, मंगळवार

म्हाताऱ्याने, माझ्या बापाने, माझंच नाव घेतलं. पाळक स्वतः वाचायला तयार होते. पण नाही — "पोरगी वाचील." अर्धांगाने जीभ जड झालीय, तरी हुकूम सोडायची सवय गेलेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीची रीत जुनी आहे. मोठेपणी बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी बायबलातलं प्रेषिताचं ते लांबलचक पत्र ऐकायचं — माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, त्याचं तारण कसं होतं, ते सांगणारं. कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं, रोज थोडं, महिना-सव्वा महिना. वाचणारा कोण, ते पाणी घेणाऱ्याने ठरवायचं. शेवटी मंडळीच्या पंचांसमोर वाचणाऱ्याने उभं राहून "वाचलं" म्हणायचं, ऐकणाऱ्याने "ऐकलं" म्हणायचं. मग पाणी.

एकोणऐंशीव्या वर्षी! आई रविवारी चर्चला निघाली की हाच दारात उभा राहून म्हणायचा, "निघाली देवाची मोलकरीण." आता करून करून भागला आणि देवपूजेला लागला. हॉस्पिटलात पाळक दिवसाआड यायचे, तिथेच हे खूळ डोक्यात शिरलं असणार.

मी हो म्हणाले. पाळकांच्या तोंडावर नाही कसं म्हणणार?

५ सप्टेंबर, गुरुवार

दादाचा फोन. "शेवटी का होईना, बाबा वळले गं." त्याला तिकडे बसून सगळं छानच दिसतं. बाबांना सांभाळायचं म्हटलं की घर लहान, बायकोची पाठ, मुलांच्या परीक्षा. वर मला सांगतो, "तूही आता जुनं उकरू नकोस."

उकरायला ते पुरलं कुणी होतं?

७ सप्टेंबर, शनिवार

पाळक आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात आले. हातात पत्राची मोठ्या टाइपातली प्रत, मंडळीतल्या म्हाताऱ्यांसाठी छापलेली. पाठ निखळलेली, दोरा कुजलेला, पुठ्ठा नाहीच. "तुमच्याच हातात द्यावी म्हटलं. नीट शिवून घ्या आणि तीच वाचा. भिंग लावलं तर त्यांना स्वतःलाही ओळी दिसतील."

तेहतीस वर्षं हेच करते आहे — सुटी पानं घ्यायची, जुळवायची, शिवायची. दुपारी दोरा कापून फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे जुडगे, मोकळे केले. बारा निघाले, सोळा-सोळा पानांचे. एकशे ब्याण्णव पानं.

८ सप्टेंबर, रविवार

प्रवचन क्षमेवर. मी दुसऱ्याच विचारात.

९ सप्टेंबर, सोमवार

केलं!

पत्राची मांडणी मला पाठ आहे. माझ्या बाप्तिस्म्याच्या आधी आईने वाचून दाखवलं होतं. सुरुवातीला देवाचा क्रोध. मग माणसाच्या दुष्टपणाची यादी, चांगली लांब. मग दुसऱ्याचा न्याय करत बसणाऱ्याला चपराक. मग निकाल — नीतिमान म्हणावा असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. आणि तिथून पत्राचा सूर पालटतो. नीतिमत्त्व कमावता येत नाही म्हणे, ते विश्वास ठेवणाऱ्याला दिलं जातं. माणूस किती का वाईट असेना. आई इथे आली की तिचा आवाज हळू व्हायचा आणि ती मधेच थांबून माझ्याकडे बघायची.

दिलं जातं! फुकट! मी चौदाव्या वर्षापासून या घराचं सगळं केलं, लग्न केलं नाही, एक रविवार चुकवला नाही. आणि हा पलंगावर पडल्या पडल्या "हो" म्हणणार आणि मोकळा होणार. वर जाऊन आईच्या शेजारी बसणार. आई सरकून जागाही देईल. तिचा तो स्वभावच होता.

मी देणार नाही.

सूर पालटतो तो बत्तिसाव्या पानावर, तळच्या चार ओळींत. म्हणजे दुसऱ्या फर्म्याचं शेवटचं पान. इतकं नेमकं जुळून आलेलं बघून मला हसूच आलं. पहिले दोन फर्मे घेतले. त्या चार ओळींवर त्याच रंगाच्या कागदाची पट्टी चिकटवली. शिवले, अस्तर लावलं, पुठ्ठा चढवला, दाबात ठेवलं. उरलेले दहा फर्मे ब्राउन पेपरात बांधून माझ्या खणात टाकले. मालक जाता जाता म्हणाले, "छोटंसं छान पुस्तक झालं." झालंय खरं. माझ्या हातचं काम कधी वाईट नसतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

सहाला घरी. शेजारच्या काकू दिवसा त्याच्याजवळ बसतात, त्यांना चहा दिला, पाठवलं. मग त्याला कुशीवर वळवलं, पुसलं, पावडर लावली, चादर बदलली, भरवलं. अंगावर एक व्रण नाही — काकू गल्लीभर सांगत असतात. "मुलगी असावी तर अशी."

मग पुस्तक काढलं. म्हातारा पस्तीस वर्षं गोदामाच्या वजनकाट्यावर होता. त्याने ते डाव्या हातात घेतलं, जरा वर-खाली केलं.

"हलकं आहे."

"पत्रच आहे ते. पत्र असून असून किती असणार?"

माझ्याकडे बघत राहिला, त्या एका धड डोळ्याने. मी क्रोधाची चार पानं वाचली. आवाज चांगला लागला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज यादी. एकेक दुर्गुण वाचायचा, थांबायचं आणि विचारायचं — "हा तुमचा?" हे पत्रात नाही, माझं आहे. शाळेत बाई विचारत तसं विचारत गेले. क्रूरपणा? "हो." उर्मटपणा? "हो." आईबापांचं न ऐकणं? "ते... दादाला विचार," म्हणाला आणि तोंड वाकडं करून हसला. हसताना लाळ गळते. मी ती तशीच राहू दिली. यादी संपली, मग पुसली.

१४ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा यादीच. आज हसला नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

न्याय करणाऱ्याला चपराक. दुसऱ्याला दोषी ठरवतोस आणि स्वतः तेच करतोस, अशा अर्थाचं सगळं. वाचून झाल्यावर विचारतो, "हे कुणाला लिहिलंय?"

"तुम्हाला."

"बरं."

हल्ली त्याचा हा नवा शब्द आहे. आयुष्यात कुणाला "बरं" म्हणाला नव्हता.

१९ सप्टेंबर, गुरुवार

यादी पुन्हा काढली होती. क्रूरपणावर थांबले. म्हटलं, "नुसतं हो नको. काय केलंत ते सांगा."

मला वाटलं, सांगणार नाही. मग एकेक शब्द काढत बोलला. "तुझी आई... आतल्या खोलीत. खोकायची. मी बाहेरून कडी घालायचो. त्या दिवशी तिने कपाने दार वाजवलं. पाणी हवं असेल. मी रेडिओ मोठा केला."

तीस वर्षं झाली. मी कामावर होते. संध्याकाळी आले तर आई दाराशी पडलेली आणि कपाचा कान तुटून बाजूला. हा म्हणाला होता, "झोपेत गेली." काकूंना भिंतीतून सगळं ऐकू गेलं होतं, त्यांनी वर्षभराने सांगितलं. मी कधी विचारलं नाही, त्याने कधी कबूल केलं नाही. कबूल केलं की काय करायचं, याचा मी किती विचार केला होता! ओरडेन, रडेन, ठोकेन.

मी म्हटलं, "पुढे?"

"पुढे काही नाही. वाजवायची थांबली. मी म्हटलं, झोपली."

"मग त्याला काय सांगितलंय, वाचू?" आणि क्रोधाचं पान काढून वाचलं. सावकाश. तो रडत होता. अर्ध्याच चेहऱ्याने रडता येतं त्याला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? इथे कोण वाचणार आहे!

२० सप्टेंबर, शुक्रवार

झोप लागली नाही. म्हणजे बरं वाटलं ते पुरलं नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

निकालाचं पान. नीतिमान कुणीही नाही, एक माणूसही नाही. मी चांगलं ठासून वाचलं. म्हातारा ऐकून म्हणतो, "एकही नाही?"

"एकही नाही."

"मग तुझी आई?"

मी पान उलटलं.

"तीही नाही? पत्रात तसं आहे?"

या प्रश्नाचं उत्तर पुढच्या दहा फर्म्यांत आहे आणि ते माझ्या खणात. बत्तिसाव्या पानापर्यंतच थांबायचं तर आईही त्याच्याच रांगेत. मीसुद्धा. खड्डा खणला मी आणि आधी आईलाच त्यात उभी केली. मी म्हटलं, "आईचं नाव काढायचं नाही." भिंग उचललं आणि कपाटात ठेवलं. दिवसभर ते डोळ्याला लावून एकेक ओळ बघत बसतो, काकू सांगत होत्या. बघू दे आता भिंतीकडे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

भिंग दिलं परत. मागितलं नव्हतं.

पाळक आले होते, घाईत. तीन गावच्या मंडळ्या त्यांच्या गळ्यात. "वाचन चाललंय ना?" "चाललंय." म्हाताऱ्याला विचारलं, "कळतंय का, बाबा?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरगी चांगलं वाचते."

बोचलं. का, ते कळलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

बत्तिसावं पान संपवलं. अंगठ्याने तळाशी चाचपत होता. "इथे जाड लागतंय."

"अस्तराचा कागद आहे."

"एवढंच आहे पत्र?"

"एवढंच."

"बरं. मग पुन्हा वाच."

पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

जेवण कमी झालंय. चार घास. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, खाऊ घाला, जपा. मी जपतेच. आज नखं कापली, दाढी केली. आरशात बघायला दिलं तर म्हणाला, "छान केलीस." त्याच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. तेही दाढीबद्दल!

६ ऑक्टोबर, रविवार

वाचून झालं. पुस्तक मिटत होते तर त्याने मनगट धरलं. डाव्या हातात जोर आहे अजून. "मग माझं काय होणार, पोरी?"

एक वाक्य पुरलं असतं. मला पाठ आहे, डोळे मिटून म्हणता येतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण तो कप आठवला.

"वाचून दाखवलं ना तुम्हाला," मी म्हटलं. "त्यात आहे तेच होणार."

त्याने मनगट सोडलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं तो मला लहानपणी म्हणायचा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सगळं नीट लिहून काढते.

पाळक आणि दोन पंच दहाला आले. कामावरून सुट्टी घेतली होती. म्हाताऱ्याला पांढरा सदरा घातला, उशा लावून बसवला. पाण्याचं घमेलं स्टुलावर, शेजारी घडी केलेला टॉवेल. मी "वाचलं" म्हणायला उभी राहिले. सरळ खोटं बोलायचं ठरवूनच ठेवलं होतं, म्हणजे पाणी द्यायचं ठरवलं होतं का? नाही. पाणी घेऊ दे, पण आत काही नसू दे — असं काहीतरी होतं मनात. माझं मला आता नीट सांगता येत नाही.

पाळक म्हणाले, "आधी एक प्रश्न विचारतो, रीत म्हणून," आणि पलंगावरून पुस्तक उचललं. पानं उलटत गेले. शेवटचं पान आलं. पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग त्यांना तळची पट्टी दिसली. नखाने कोपरा उचलून पाहिला.

"बाकीचं कुठे आहे?"

पन्नाशीतली बाई मी, पण त्या क्षणी वाटलं, आता हा बोलणार — "हिने केलं! हिनेच!" आयुष्यभर हेच ऐकलंय. दूध उतू गेलं, हिने. दार उघडं राहिलं, हिने.

पलंगावरून आवाज आला, "मी काढायला लावलं."

पाळक वळले. "काय म्हणालात, बाबा?"

"पुढचं नको म्हटलं मी. ती वाचत होती. मीच नको म्हटलं. ती ऐकते माझं."

"पण का? तारणाचं सगळं तर पुढेच आहे."

"नको मला."

थोरले पंच पाळकांना हळू म्हणाले, "ऐकायलाच नको तर पाणी कसं द्यायचं?" पाळक पलंगावर बसले, बराच वेळ समजावत होते. तो मान हलवत राहिला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. शेवटी पाळकांनी पुस्तक मिटून त्याच्या हाताशी ठेवलं, उठले. चपला घालताना मला म्हणाले, "तुम्ही तरी एवढं ऐकायला नको होतं त्यांचं."

घमेल्यातलं पाणी तसंच होतं. मी त्यात त्याची फडकी भिजत घातली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

"का खोटं बोललात?"

"चहा दे."

दिला. दोन चमचे घेतले, बाकीचा उशीवर.

१२ ऑक्टोबर, शनिवार

विचार केला. त्याला भीती वाटली असणार. मी सोडून गेले तर याचं करणार कोण? दादा? म्हातारा हिशेबी आहे, स्वार्थाशिवाय पाऊल टाकायचा नाही. असंच असणार.

तरी खणातून ब्राउन पेपरचं गाठोडं काढलं आणि पिशवीत टाकलं. घरी आणलं. पिशवी खुंटीला टांगली. आज उशीर झाला होता.

१३ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. त्याचा श्वास बरा नाही. दुपारी डोळे उघडून म्हणाला, "वाच की."

मी खुंटीकडे बघितलं. उठले. उठून पलंगावरचंच पुस्तक घेतलं. माफ मी करणार आणि तेही त्याने सांगितल्या वेळी! शेवटचं पान वाचलं, कुणी नीतिमान नसल्याचं. आवाज लागत नव्हता.

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं," म्हणाला आणि डोळे मिटले. उद्या वाचीन. उद्या सकाळी, अंघोळ घालून, स्वच्छ करून, मग.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बाबा पहाटे गेले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पाणी न घेतलेला माणूस, म्हणून मंडळीच्या जागेत पुरता आला नाही. कुंपणाबाहेर, पलीकडच्या उतारावर. आई आत, चाफ्याखाली. दोघांच्या मध्ये भिंत. मला हवं होतं तसंच सगळं झालं.

पाळक आले, कुंपणाबाहेर उभे राहून चार शब्द बोलले. "मुलीने शेवटच्या दिवसापर्यंत वाचून दाखवलं." बायकांनी माझे हात धरले. थोरले पंच म्हणाले, "देवाच्या दृष्टीने तुमचं नीतिमत्त्व मोठं." दादा रडत होता. मी मान खाली घालून उभी राहिले आणि सगळं घेतलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पाळक घरी आले, पुस्तक न्यायला. मी सांगितलं. सगळं — पट्टी, फर्मे, खण. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हॉस्पिटलात मी त्यांना ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं होतं. दोनदा. पुढचा भाग त्यांना माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. मी तिथेच पाणी देत होतो. ते नाही म्हणाले. म्हणाले, पोरगी वाचू दे. ती जेवढं वाचील, तेवढंच मी घेईन."